आडवी सायकल बेळगावात बनवून घ्यायची तर

पाठ टेकून, पाय पुढं लांब करून चालवायच्या सायकलीला रिकंबंट म्हणतात. दिसते आरामखुर्चीला चाकं लावल्यासारखी, आणि लांबच्या प्रवासात वागतेही तशीच. तळहात बधिर होत नाहीत, मान अवघडत नाही, सीटचा जाच होत नाही. दुकानात मात्र ती मिळत नाही. १९३३ मध्ये फ्रान्सिस फॉर या फ्रेंच सायकलपटूनं शार्ल मोशे यांच्या अशाच सायकलीवर तासाभरात ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापलं, आणि १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं तिला शर्यतीबाहेर काढलं. शर्यत नाही म्हणून कारखाने थोडे, कारखाने थोडे म्हणून दुकानात नाही. तेव्हा बनवूनच घ्यावी लागते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या माणसाला इथं एक मोठी सोय आहे. उद्यमबाग आणि मच्छे परिसरात लेथ, लेझर कटिंग, आर्गॉन वेल्डिंग, पावडर कोटिंग सगळं हाकेच्या अंतरावर सापडतं. काम बिघडतं ते कारागिराच्या हातामुळं क्वचितच. बिघडतं क्रमामुळं. मोबाइलवरचा फोटो दाखवून ‘असं करून द्या’ म्हटलं की पाइप आधी कापला जातो, चाक नंतर येतं, आणि मग चाक बसत नाही. म्हणून आधी रस्ता, मग शरीराचं माप, मग सुटे भाग, मग ड्रॉइंग, आणि पाइप सगळ्यात शेवटी.

१. कुठल्या रस्त्यावर चालवणार ते लिहून काढा

‘सगळीकडे’ हे उत्तर धरू नका. बेळगाव ते धारवाड महामार्गाच्या कडेनं जाणारी सायकल आणि सामान लादून गोव्याहून चोर्ला घाट चढून परत येणारी सायकल, या दोन वेगळ्या सायकली आहेत. रिकंबंटवर उभं राहून पायडल मारता येत नाही. शरीराचं वजन पायडलवर टाकता येत नाही, सगळा चढ पायांच्या जोरावर आणि हलक्या गिअरवर काढायचा असतो. शिवाय दुचाकी रिकंबंट ताशी ५ किलोमीटरच्या खाली डुगडुगायला लागते. या दोन गोष्टी पुढच्या प्रत्येक निर्णयात आडव्या येतात.

प्रकार ढोबळमानानं तीन:

आखूड तळाची दुचाकी. पुढचं चाक मांड्यांखाली, पायडल चाकाच्याही पुढं. दोन चाकांमधलं अंतर साधारण १ मीटर ते १.१५ मीटर. आपल्या भागात पहिल्यांदा बनवणाऱ्यानं हीच घ्यावी. लांबी साध्या सायकलीच्या जवळपास असते, रेल्वेच्या पार्सलमध्ये जाते, घाटात वळणावर सोपी.

लांब तळाची दुचाकी. पुढचं चाक पायडलच्याही पुढं. शिकायला सोपी, सपाटीला मजेची. पण घरातल्या बोळात वळत नाही आणि बसच्या टपावर चढत नाही.

तिचाकी, म्हणजे पुढं दोन चाकं, मागं एक. कितीही हळू चढा, पडायची भीती नाही. पण हिची पुढची बाजू पहिल्या प्रयत्नात स्थानिक वर्कशॉपकडून करून घेऊ नका. वळताना चाकांवर आडवा ताण येतो, दोन्ही चाकं वेगवेगळ्या कोनात वळावी लागतात, एका बाजूनंच धरलेला एक्सल लागतो. यातला एक कोन चुकला तर टायर पंधरा दिवसांत घासून निघतात. शिवाय तिची सीट जमिनीपासून वीतभर. चिकोडी-संकेश्वर पट्ट्यात गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर धावतात, त्यांच्या मागच्या चाकाच्या उंचीवर तुमचं डोकं असतं. रंग न मारलेले गतिरोधक खालच्या पाइपला घासतात ते वेगळंच. तिचाकी हवीच असेल तर नामांकित परदेशी कंपनीची तयार घ्या आणि आयातीचा खर्च आधी काढून ठेवा. कस्टम्समध्ये सायकल ८७१२ या शीर्षकाखाली आणि तिचे सुटे भाग ८७१४ खाली येतात. शुल्क फक्त किमतीवर लागत नाही, भाडं आणि विमा धरून लागतं.

इथून पुढचं सगळं आखूड तळाच्या दुचाकीसाठी.

२. मापं घ्या, दोनदा

सगळ्यात महत्त्वाचं माप पायाचं. अनवाणी, भिंतीला पाठ आणि बैठक घट्ट टेकवून जमिनीवर बसा. पाय सरळ, पावलं उभी. भिंतीपासून तळव्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या. दहा मिमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. पँटच्या आतल्या शिवणीवरून हे माप काढू नका, ते वेगळं येतं.

याखेरीज बैठकीपासून खांद्यापर्यंतची उंची, खांद्यांची रुंदी, कोपर किंचित वाकवून हाताची पोच, बुटाची लांबी, तुमचं वजन आणि सामानाचं वजन. बुटाची लांबी कशाला, असं वाटेल. आखूड तळाच्या सायकलीत वळताना टाच पुढच्या चाकाला लागते. नऊ नंबरच्या पायाला जी चौकट चालते तिच्यावर अकरा नंबरवाला पहिल्याच वळणावर आडवा होतो.

पाठीचा कोन घरीच ठरवता येतो. प्लायवूडची फळी भिंतीला टेकवा, खाली उशी ठेवा, पाय पाटावर वर करून अर्धा तास पेपर वाचत बसा. मोबाइलमधल्या कोनमापकानं फळीचा जमिनीशी कोन मोजा. प्रवासासाठी ३५ ते ४५ अंश बरा. २५ अंशांवर हवा कमी लागते हे खरं, पण मान उचलून धरावी लागते आणि रस्त्यावरचे खड्डे गुडघ्यांमागं लपतात. पायडलचा मध्य सीटच्या वर ० ते १५ सेमी ठेवा. त्याहून वर गेला की तासाभरात पायाची बोटं बधिर होतात.

३. चाकं: गावात मिळतील तीच

पुढं २० इंची, मागं २६ इंची. पण ‘इंच’ या शब्दावर विसंबू नका. २० इंचाच्या नावाखाली ४०६ आणि ४५१ अशी दोन मापं मिळतात, आणि २६ इंचाच्या नावाखाली ५५९ आणि ५९०. एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर चढत नाही. टायरच्या अंगावर ४७-४०६ किंवा ४७-५५९ असा आकडा कोरलेला असतो, तो वाचूनच घ्या. ४०६ म्हणजे मुलांच्या सायकलींचं नेहमीचं माप, ५५९ म्हणजे एमटीबीचं, म्हणजे डोंगरी सायकलीचं. ही दोन्ही खानापुरात किंवा हुक्केरीतही बहुधा मिळून जातील. ४५१ चा टायर दिसायला बारीक आणि वेगवान, पण वाटेत फाटला तर बसनं परत यायचं.

रुंदी ४४ ते ५० मिमी धरा. रिकंबंटवर खड्ड्यात ढुंगण उचलता येत नाही, जो धक्का चाकाला तो पाठीला. पुढच्या २० इंची चाकाला ३२ किंवा ३६ आऱ्यांचं हब, मागं ३६.

ब्रेक दोन्हीकडे डिस्क, १६० मिमीची चकती. २० इंची रिम लहान म्हणजे तिच्यात धातू कमी, म्हणून घाट उतरताना रिमवर घासणाऱ्या ब्रेकनं ती फार लवकर तापते. चोर्ल्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आणि खाली गोवा. तेवढं उतरताना हा विषय गमतीचा राहत नाही.

४. गिअरचं गणित ड्रॉइंगच्या आधी

बहुतेक जण इथं घाई करतात आणि मग घाटात सायकल ढकलतात.

सूत्र सोपं आहे. पुढच्या चक्राचे दात भागिले मागच्या चक्राचे दात, गुणिले मागच्या चाकाचा परीघ. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढं जाते ते. ४७-५५९ टायरचा परीघ साधारण २.०५ मीटर. पुढं २२, मागं ३४ दात घेतले तर एका फेऱ्यात १.३३ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी ४.८ किलोमीटर, ७० मारले तर ५.६. डुगडुगण्याची हद्द ५ च्या आसपास आहे हे वर आलंच. म्हणजे यापेक्षा हलका गिअर दुचाकीवर लावून उपयोग नाही, कारण तेवढ्या हळू तोल राहत नाही. आणि यापेक्षा जड ठेवला तर सामानासकट गुडघे बोलायला लागतात. २२ ला ३४ हा आपल्या घाटांसाठी नेमका बसणारा गिअर आहे.

दुसरं टोक: ४४ ला ११ म्हणजे एका फेऱ्यात ८.२ मीटर. सांबऱ्याच्या सपाट रस्त्यावर पुरे.

तेव्हा पुढं ४४-३२-२२ ची तीन चक्रं, मागं ११-३४ ची कॅसेट, आठ किंवा नऊ वेगांची. दहा-अकरा-बारा वेगांच्या मोहात पडू नका. रिकंबंटला साखळी अडीचपट लागते आणि आठ वेगांची साखळी जवळपास कुठल्याही बऱ्या दुकानात मिळते. मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, लांब पिंजऱ्याचा घ्या. (४४−२२) अधिक (३४−११) म्हणजे ४५ दातांची ढील त्यानं ओढली पाहिजे. खोक्यावर क्षमता लिहिलेली असते, ती ४५ पेक्षा कमी असेल तर साखळी लोंबकळणार.

क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, १७० मिमीऐवजी १५५ ते १६५ मिमीची मिळाली तर घ्या. गुडघे कमी वाकतात आणि टाचही चाकापासून दूर राहते.

५. सुटे भाग आधी हातात

पाइप घेण्यापूर्वी हे सगळं घरात असलं पाहिजे:

– दोन्ही चाकं, टायर चढवून, हवा भरून
– पुढचा चिमटा (फोर्क), डिस्क ब्रेक बसवायच्या कानासह, ४०६ चाकाचा (घडीच्या सायकलीचा चालतो)
– हेडसेट (चिमटा वळायची बेअरिंगं), कटोऱ्यांसह
– क्रँक, तिच्या मापाचा बीबी (बॉटम ब्रॅकेट, क्रँक फिरते ती जागा) एक्सल, पायडल
– दोन्ही डिरेलर, कॅसेट, शिफ्टर
– डिस्क कॅलिपर, चकत्या, ब्रेक लिव्हर
– तीन साखळ्या आणि चार जोडकड्या
– आयडलर (साखळी वळवणारं चाक), त्याचं बेअरिंग आणि बोल्ट

आणि एक पोलादी चौकटीची जुनी एमटीबी. हिच्यात खरा फायदा आहे. तिचा मागचा त्रिकोण, बीबीचं शेल (बीबी बसते ती आडवी नळी) आणि पुढचा हेडट्यूब (चिमटा ज्यातून वर येतो तो पाइप) कापून घेता येतो. ज्या जागांना दशांश मिलिमीटरची अचूकता लागते त्या सगळ्या कारखान्यातून तयार मिळतात, वर्कशॉपला फक्त मधला पाइप जोडायचा राहतो. घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटला नाही तर चौकट ॲल्युमिनियमची, ती पोलादाला जोडली जात नाही. मागचं चाक धरणाऱ्या दोन कानांमधलं अंतर १३५ मिमी आहे का तेही मोजा. बीबीचं शेल ६८ मिमी रुंद हवं. कापताना त्याच्यावरचा सीटचा पाइप वीतभर ठेवूनच कापायला सांगा, पुढचा डिरेलर त्याच्यावर चढतो.

६. साखळीची वाट

साध्या सायकलीत साखळी सरळ जाते. इथं ती पायडलपासून निघून सीटखालून मागं जाते आणि वाटेत आयडलर नावाच्या चाकावरून वळते. लांबी अशी काढा: बीबीच्या मध्यापासून मागच्या एक्सलपर्यंतचं अंतर दुप्पट करा, त्यात दोन्ही मोठ्या चक्रांच्या दातांच्या बेरजेची निमपट गुणिले १२.७ मिमी मिळवा, वर डिरेलर आणि आयडलरसाठी २०० मिमी. अंतर १५०० मिमी असेल तर ३००० अधिक ४९५ अधिक २००, म्हणजे जवळजवळ ३.७ मीटर. ११६ कड्यांची एक साखळी १.४७ मीटर भरते. म्हणून तीन घ्यायच्या, तिसरीतली निम्मी उरते आणि वाटेत कामाला येते.

ताणाच्या बाजूचा आयडलर हा या सायकलीचा सगळ्यात सोसणारा भाग. चढावर साखळीतला सगळा जोर त्याच्यावरून वळतो. त्याचा बोल्ट किमान ८ मिमीचा, ८.८ ग्रेडचा. धरणारी पट्टी ५ मिमी जाडीची आणि दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूला वेल्ड केलेली पट्टी काही दिवसांत वाकते आणि मग साखळी का उतरते ते कळत नाही. दातांचा आयडलर असेल तर शाफ्टवर ६ ते ८ मिमी डावं-उजवं सरकायला जागा ठेवा, म्हणजे गिअर बदलताना तो साखळीबरोबर हलतो. दात १५ पेक्षा कमी नकोत, लहान आयडलर करकरतो. आणि साखळी त्याच्यावर जितकी कमी वळेल तितकं बरं. सीट दोन सेमी वर घेऊन वळण कमी होत असेल तर सीट वर घ्या.

परतीच्या बाजूची साखळी टेफ्लॉनच्या नळीतून न्या. चिखल आणि पँट दोन्ही वाचतात. नळीची टोकं थोडी गरम करून कर्ण्यासारखी फाकवली नाहीत तर साखळी त्यांना कापते.

पुढच्या डिरेलरचा सापळा वेगळा. साध्या सायकलीत सीटचा पाइप आणि मागच्या चाकाकडे जाणारा पाइप यांच्यात ६३ ते ६९ अंशांचा कोन असतो, डिरेलर त्याच कोनासाठी घडवलेला असतो. रिकंबंटमध्ये साखळीची रेषा हीच त्या मागच्या पाइपची जागा समजायची आणि डिरेलरचा खुंट (शेलवर ठेवलेला वीतभर सीटचा पाइप) तिच्याशी तेवढ्याच कोनात ठेवायचा. डोळ्यांना बरा दिसतो म्हणून खुंट काटकोनात उभा केला की गिअर कधीच नीट पडत नाही, कितीही स्क्रू फिरवा.

७. पाइप आणि ड्रॉइंग

मुख्य पाइप ५० मिमीच्या आसपास व्यासाचा, १६ गेज म्हणजे १.६ मिमी जाडीचा. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद) मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर चांगला सीडीएस (थंड ओढलेला, बिनसांध्याचा) पाइप चालतो. ‘मजबूत पाहिजे ना, अडीच मिमीचा घालू’ असं वर्कशॉपमध्ये हमखास ऐकायला मिळेल. १.६ मिमीचा पाइप मीटरला साधारण २ किलो भरतो, २.५ मिमीचा ३ किलो. तो एक किलो प्रत्येक चढावर तुम्ही वाहणार, सांगणारा नव्हे. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप मात्र फुकट दिला तरी नको. वेल्डिंग करताना जस्ताचा विषारी धूर निघतो आणि सांधाही कच्चा राहतो.

बूम, म्हणजे बीबी धरणारा पुढचा पाइप, मुख्य पाइपात सरकता ठेवा. किमान १०० मिमी मागं-पुढं, आणि सगळ्यात बाहेर काढल्यावरही आत ८० मिमी राहिला पाहिजे. दोन बोल्टांची क्लॅम्प. एका बोल्टावर बूम जोर लावताना फिरतो.

पुढच्या चिमट्याचा कोन ७० ते ७२ अंश. ड्रॉइंगवर ट्रेलही लिहा, म्हणजे वळणाच्या अक्षाची रेषा जमिनीला जिथं टेकते आणि टायर जिथं टेकतो त्यांच्यातलं अंतर. २५० मिमी त्रिज्येचं चाक, ७० अंश कोन आणि चिमट्याचा बाक ४० मिमी असेल तर ट्रेल सुमारे ४८ मिमी येतो. ४० ते ६० मध्ये ठेवा. कमी झाला तर उतारावर हँडल थरथरतं, जास्त झाला तर हळू चढताना चाक एका बाजूला पडू पाहतं.

ड्रॉइंग पूर्ण आकाराचं काढा. चार्ट पेपर चिकटवून, भिंतीवर, खऱ्या मापात. फ्लेक्सवाल्याकडून छापून घेतलं तरी चालतं. त्यावर खरी चाकं टेकवून, खरी क्रँक धरून बघा. टाच चाकाला लागते का ते इथंच कळतं. सगळी मापं मिमीमध्ये आणि कोपऱ्यात तारीख व आवृत्ती क्रमांक. जुनी आवृत्ती वर्कशॉपमधून परत घेऊन फाडा.

डावं-उजवं हा आपल्या भागातला खास गोंधळ. समोर उभ्या राहिलेल्या वेल्डरचं उजवं वेगळं, सीटवर बसणाऱ्याचं वेगळं. साखळीची बाजू म्हणजे बसणाऱ्याचं उजवं, असं ड्रॉइंगवर लिहा. कामगार कन्नड बोलणारे असतील तर ‘बल’ आणि ‘एड’ हेही शब्द टाका, आणि उजव्या बाजूच्या प्रत्येक तुकड्याला लाल रंगाचा ठिपका लावा. बीबीच्या उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. शेल फिरवून जोडलं गेलं तर कापून पुन्हा जोडावं लागतं.

८. वर्कशॉप आणि कागद

ज्याच्याकडे आर्गॉनवर पातळ पाइपचं रोजचं काम चालतं असा शोधा. सीओटू वेल्डिंगवर गेट आणि शेड बनवणारा माणूस कुशल असेल, पण १.६ मिमीला भोक पाडेल. त्याला त्याच पाइपचे दोन तुकडे टी आकारात जोडून दाखवायला सांगा, मग तो सांधा कापून आतून बघा. वेल्ड आतपर्यंत गेलंय आणि पाइप जळलेला नाही, असं दिसलं की माणूस मिळाला.

खंडेनवमीच्या आधीचा पंधरवडा आणि दिवाळीची तोंडं टाळा. मोठ्या कंपन्यांची कामं तेव्हा अडकलेली असतात, तुमची सायकल कोपऱ्यात उभी राहते. पावसाळ्याच्या सुरुवातीला काम दिलं तर गणपतीपर्यंत चौकट हातात यावी.

बरोबर न्यायचे कागद: ड्रॉइंगच्या तीन प्रती, सुट्या भागांची यादी, मापांचा कागद, आणि एक साधा करारपत्राचा ताव. त्यात पाइपचा प्रकार आणि गेज, वेल्डिंगची पद्धत, मागच्या कानांचं अंतर १३५ मिमी आणि त्यात १ मिमीपेक्षा जास्त फरक नको, दोन्ही चाकं एका रेषेत, हे सगळं लिहून सही घ्या. पैसे तीन टप्प्यांत: पाइप घेताना, टॅक (नुसते वेल्डिंगचे टाके) झाल्यावर, चाकं बसवून सायकल उभी राहिल्यावर. पक्कं बिल मागा आणि चौकटीवर क्रमांक ठोकून तो बिलावर लिहून घ्या. सायकलीला पासिंग लागत नाही, पण अशी विचित्र वस्तू घेऊन चंदगड किंवा गोव्याच्या हद्दीत शिरल्यावर कुणी विचारलं तर बिल दाखवून विषय संपतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या भागांवरचा जीएसटी ५ टक्के आहे. फॅब्रिकेशनच्या जॉबला वेगळा दर लागू शकतो, तो कोटेशनमध्येच विचारा.

९. टॅकवर बसून पाहा

पूर्ण वेल्डिंगच्या आधी नुसते टाके मारून चौकट उभी करायला सांगा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. चाकं, क्रँक, सीट बसवा. दोघांनी धरलेलं असताना वर बसा, पायडल फिरवा, हँडल वळवा. टाच, गुडघा, हँडल, साखळी, टायर यांतलं काय कशाला लागतं ते बघा. इथं चूक सापडली तर ग्राइंडरची पाच मिनिटं जातात. पूर्ण वेल्डिंगनंतर सापडली तर पूर्ण दिवस, आणि रंगानंतर सापडली तर मन.

बंद पाइपला ३ मिमीचं भोक हवं, नाहीतर वेल्डिंगच्या उष्णतेनं आतली हवा फुगून सांध्यातून फुटते. तेच भोक सगळ्यात खालच्या जागी घेतलं तर पाणी निचरायला उपयोगी. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस पाइपात शिरतोच. रंगानंतर आतून गंजरोधक तेल फिरवा.

१०. वेल्डिंगनंतर रंगापूर्वी

उष्णतेनं हेडट्यूब लंबगोल होतो. हेडसेटची कटोरी टर्नरच्या हातात देऊन तिच्यावरून बोअर साफ करून घ्या, साधारण ०.१ मिमीचा दाब राहू दे. बीबीच्या आट्यांतून टॅप फिरवा, डिस्क कॅलिपरच्या कानांचं फेसिंग करा, म्हणजे ते घासून सपाट करा. मग हे सगळे आटे आणि फेसिंग केलेल्या जागा बंद करूनच पावडर कोटिंगला द्या. कोटिंगवाल्यांना दाराची ग्रिल रंगवायची सवय असते. सांगितलं नाही तर आट्यांतही पावडर भाजली जाते.

११. सीट

फायबरची पाठ करून देणारे मिळतात, पण आपल्या उन्हात जाळीची सीट बरी. २० मिमीच्या पाइपची चौकट, त्याला खाटेची नवार आडवी ताणून, मागून दोरीनं आवळलेली. सैल झाली की आवळता येते. फायबरचीच हवी असेल तर भोकं पाडून वर काथ्याची जाडसर चटई टाका, पाठ भिजत नाही. सीटचे मागचे दोन आधार मागच्या कानांपर्यंत न्या, नुसते मुख्य पाइपवर ठेवू नका. त्या आधारांवरच सामानाच्या पिशव्याही टांगता येतात, आणि पिशव्या जितक्या खाली तितका तोल बरा.

१२. पहिले ५०० किलोमीटर

रविवारी सकाळी उद्यमबागेतले रस्ते रिकामे असतात, शिकायला तेच बरे. सुरुवातीला हलक्या उतारावर, पायडल न मारता नुसतं सोडायचं. हात हँडलवर घट्ट धरले की सायकल नागमोडी जाते. खांदे सैल सोडून पाठ पूर्ण टेकली की ती सरळ होते. पाय पायडलवरून निसटू नयेत म्हणून पट्टा किंवा क्लीट लावाच, पण शिकून झाल्यावर.

क्रम असा ठेवा: सांबरा रस्ता, मग येळ्ळूरजवळचा राजहंसगड, मग जांबोटी ते कणकुंबी, आणि सगळ्यात शेवटी सामानासह चोर्ला. राजहंसगडाचा चढ लहान पण खडा, हलका गिअर बरोबर निवडला की नाही ते तिथं एका सकाळी कळतं. तिथं जमलं नाही तर चोर्ल्यात जमणार नाही.

५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. ३०० नंतर आयडलरची पट्टी, सीटचे आधार आणि हेडट्यूबचा सांधा पुसून नीट बघा. केसासारखी रेघ दिसली तर ती रंगाची की पोलादाची हे डोळ्यांनी सांगता येत नाही. तिथला रंग घासून डीपी टेस्ट (रंगीत द्रव लावून भेग शोधायची चाचणी) करून घ्या. कास्टिंगवाल्यांच्या गावात ती करणारे शोधायला लांब जावं लागत नाही.

दोन्ही बाजूंना आरसे हवेत, कारण मागं वळून बघताच येत नाही. कुत्रं मागं लागलं तर थांबा, तुमचं तोंड आणि त्याचं तोंड जवळजवळ एकाच उंचीवर असतं. रात्री मागं लाल दिवा आणि रिफ्लेक्टर. आणि मागं उंच काठीला झेंडा. त्याचा रंग पोपटी ठेवा. आपल्या भागात भगवा लावला किंवा लाल-पिवळा लावला तर लोक सायकल सोडून भलतंच विचारायला लागतात.